अँगलला बांधलेली झोळी

माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण माझ्याकडं झालं, तेव्हा जावयानं नगरहून पाळणा पाठवला. स्टँडचा, खाली चाकं, वरून मच्छरदाणी. शेजारची बाई बाळाला बघायला आली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या स्लॅबला चांगल्या कड्या आहेत की. साडीची झोळी बांधायची सोडून हे काय भाजीच्या गाड्यासारखं घरभर ढकलत बसलाय?" मी तिला चहा दिला आणि विषय बदलला. आमच्या घरात वरून काही टांगत नाहीत एवढंच तिला ठाऊक आहे. ती मला जरा चक्रम समजते. समजू दे बापडी. पण लेकीनं तेच विचारलं तेव्हा तिला टाळता येईना. सांगायला बसले आणि लक्षात आलं की हे मी आजवर कुणाला सरळ, पहिल्यापासून सांगितलेलंच नाही. आमच्या वस्तीवरच्या माणसांनीही नाही. जो तो आपापला तुकडा सांगतो आणि उठून जातो. म्हणून मी ते इथं लिहून ठेवते आहे.

आमची वस्ती शेवगाव तालुक्यातल्या एका माळावर. गाव खाली ओढ्याला, आम्ही वर उन्हात. सगळी घरं एकाच आडनावाची, म्हणजे सगळी भावकी. भांडणं बांधावरनं सुरू व्हायची आणि कुणाच्या घरी हळद लागली की तेवढ्यापुरती मिटायची. दिवाळी झाली की वस्तीतली निम्मी माणसं ऊसतोडीला कोपरगावकडं जायची. आईदादाही जायचे. दादा म्हणजे आमचे वडील. ते गेले की मी आणि माझी थोरली बहीण मंगल, म्हणजे अक्का, भामाकाकूच्या घरी राहायचो. भामाकाकू म्हणजे दादांच्या चुलतभावाची बायको. काका लवकर गेलेले, घरात ती आणि तिचा एकुलता एक अंकुश. तोंडाची फटकळ होती. भाकरी करपली तर "खा, काळी भाकर खाल्ली की गळा गोड हुतो," म्हणायची आणि आम्हाला ते खरं वाटायचं. माझ्या डोक्यातल्या उवा काढताना ती अशा काही टपल्या मारायची की उवा परवडल्या. पण हिवाळाभर तिच्या गोधडीत मी झोपले आहे, आणि त्या गोधडीची ऊब मला आईच्या कुशीपेक्षा जास्त आठवते. आईला हे मी कधी सांगितलं नाही.

दादांना त्यांच्या घराच्या छपराचा फार अभिमान होता. वस्तीवर बाकीच्यांचे पत्रे लाकडी वाशांवर नुसते टाकलेले असायचे आणि वर धोंडे ठेवलेले. वाऱ्यानं पत्रा उचलू नये म्हणून जेवढा मोठा धोंडा उचलेल तेवढा वर चढवायचा, हीच सगळ्यांची पद्धत. दादांनी मात्र शेवगावच्या वेल्डरकडून लोखंडी अँगल जोडून आणले होते. अँगल अँगलला जोडलेले, पत्रा हुकानं अँगलला आवळलेला, पत्रा पत्र्याला. अख्खं छप्पर एकजीव. फक्त ते भिंतीवर बसवताना सिमेंट पुरलं नाही, म्हणून चार कोपऱ्यांना मातीच लिंपली. "एवढ्या वजनाला काय हुतंय," दादा म्हणाले. अंकुशदादा चेष्टा करायचा, "काका, तुमच्या छपरावर म्हस बांधली तरी चालंल." दादा खूश व्हायचे. त्यांना चेष्टा कळत नव्हती अशातला भाग नाही, पण म्हैस खरंच चालेल असं त्यांना वाटत होतं.

त्या साली पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद होऊन माणसं परत आली, आणि अक्का पहिल्या बाळंतपणाला मिरजगावहून माहेरी आली. मुलगी झाली. बारसं ज्येष्ठात करू असा सासरचा निरोप होता, तोवर आम्ही तिला ठकी म्हणायचो. घराला बाळंतिणीच्या खोलीचा वास लागला: ओवा, शेपा, वेखंड, शेगडीवरचा धूर आणि दुधाचा एक आंबूस वास. आई अक्काला बाजरीचं माडगं आणि शेपूची भाजी खायला घालायची. अक्का नाक मुरडायची आणि मी चोरून तिच्या वाटणीचा डिंकाचा लाडू खायचे. ठकीला न्हाऊ घालायला रोज भामाकाकू यायची. वस्तीवरचं एकही बाळ तिच्या पायांवरून सुटलेलं नव्हतं. तिच्याबरोबर तिची सून शालनवहिनी यायची, कडेवर पप्या. पप्या रांगता, सगळ्या घरभर फिरून परत आईच्या पदराखाली शिरायचा. अक्का आणि शालनवहिनी भिंतीला पाठ टेकून शेजारी शेजारी पाजत बसायच्या आणि सासवांच्या कागाळ्या करायच्या. भामाकाकू मोरीतनं ओरडायची, "मला ऐकू येतंय गं भवान्यांनो."

झोळी दादांनी स्वतः बांधली. आईची जुनी इरकली साडी, वर नवा दोर, अँगलला तिहेरी गाठ. बांधून झाल्यावर दोराला लोंबकळून बघितलं, पाय वर उचलून. "आता हिची लेकरं बी यातच झोपतील," म्हणाले. ठकी त्या झोळीत जाताक्षणी झोपायची. मी अभ्यासाचं पुस्तक एका हातात आणि झोळीची दोरी दुसऱ्या हातात धरून बसायचे. पुस्तकातलं काही आठवत नाही, अँगलचा कुरकुर आवाज तेवढा आठवतो.

आता वावटळीचं सांगते. माळावर उन्हाळ्यात वावटळ ही काही घाबरायची गोष्ट नव्हती. रोज दुपारी एखादी यायची, पाचोळा आणि चिंध्या उडवत भिंगरीसारखी फिरायची आणि बांध ओलांडून विरून जायची. पोरं तिच्यात घुसायची. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, तिच्यात भूत असतं, थुंकलं की बाजूनं जातं. आम्ही थुंकायचो. त्या दिवशीही ओढ्याच्या पलीकडं पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मी अंगणात उभी राहून मन लावून थुंकले. मग बघितलं तर ती विरत नव्हती. खाली बारीक आणि वर ढगापर्यंत गेलेली, मातकट, आणि तिच्यात काळं काळं काहीतरी गरगरत होतं. ते कडब्याचे भारे होते हे नंतर कळलं. आवाज मात्र आधी आला. गव्हाच्या मळणीयंत्राचा असतो तसा, पण थांबत नव्हता.

आणि आम्ही काय केलं असेल? आम्ही कुरडया वाचवायला धावलो. वैशाखात प्रत्येक अंगणात बाजेवर, धोतरावर कुरडया वाळत घातलेल्या असतात. वारं सुटलं की पहिलं काम ते, वर्षाचं वाळवण. आई ओरडली, "कुरडया," आणि मी आणि आई धावलो; हातातली झोळीची दोरी सोडून अक्काही अंगणात आली. ठकी झोपलेली होती. आत होती, पक्क्या छपराखाली होती. तिची काळजी कुणाला वाटणार? सगळ्या वस्तीत हेच चाललं होतं. बायका धोतरं गोळा करत होत्या, म्हातारी माणसं पत्र्याखाली जाऊन बसत होती. जे आत गेले त्यांच्यातले काही गेले, आणि चार कुरडयांसाठी बाहेर राहिलेल्या आम्ही वाचलो. याच्यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि माझ्या हाती काही लागलेलं नाही.

गोठ्याच्या दगडी गव्हाणीला बिलगून आम्ही तिघी पडलो. डोळ्यांत माती जात होती तरी मी बघितलं. आमचं छप्पर आधी एका बाजूनं उचललं, पातेल्यावरचं झाकण वाफेनं उचलतं तसं. कोपऱ्यांची माती भुरभुर सांडली. मग ते अख्खं वर गेलं. तुटलं नाही, वाकलं नाही, दादांनी बांधलं होतं तसंच एकजीव वर गेलं. आणि त्याच्या पोटाला आईची इरकली साडी लोंबत होती. अक्कानं ते बघितलं. ती उठून पळायला लागली आणि आईनं तिचे पाय धरून तिला खाली पाडलं. समोरच्या घरातनं अंकुशदादा पळताना दिसला. त्यानंही झोळी बघितली होती. तो छपराच्या मागं माळावर धावत गेला, वर बघत, हात असे पसरून, जणू ते खाली आलं तर झेलणारच होता. मग धुळीत काही दिसेना.

वारं गेल्यावर जी शांतता झाली तिच्यात कोंबड्यासुद्धा ओरडत नव्हत्या. मग एकेका घरातनं हाका सुरू झाल्या. पलीकडच्या घरात म्हाताऱ्या तात्यांच्या अंगावर धोंडे कोसळले होते, त्यांच्याच हातांनी वर चढवलेले. त्यांची सून दगड उचलून बाजूला टाकत होती आणि "तात्या, तात्या," करत होती. कुणाचा बैल दावणीला मेला होता. लिंब मुळासकट पडला होता. आम्हाला त्यातलं काही दिसत नव्हतं. आई आणि अक्का माळावर धावत होत्या, मी त्यांच्या मागं. दादा शेतातनं धावत आले. डोक्याला फडकं नाही, एका पायात चप्पल नाही. घराच्या चार भिंती बघून ते म्हणाले, "झोळी?" आईनं नुसता हात माळाकडं केला.

तेवढ्यात समोरनं भामाकाकू येताना दिसली. ती पळत नव्हती. पदर खांद्यावरनं गेलेला, केस सुटलेले, आणि दोन्ही हातांत ती इरकली साडी गुंडाळून धरलेली. साडी हलत होती. आमचं छप्पर लांबवर बाभळींवर जाऊन टेकलं होतं, पालथ्या पाटीसारखं, आणि काकूला त्याच्या खाली झोळी अँगलला बांधलेली तशीच लोंबताना सापडली होती. गाठ सुटली नव्हती. ठकीच्या कपाळाला एक ओरखडा होता, बस. काकूनं तिला अक्काच्या हातात दिलं आणि म्हणाली, "धर. आन् आता मानसं घिऊन माझ्यासंगं चला. अंकुश तिकडं पडलाय."

बाभळीच्या अलीकडं तो पडलेला होता. उडत आलेला एक सुटा पत्रा त्याच्या मानेवर बसला होता. दादांनी त्याला उचललं आणि घरापर्यंत कुणाच्या हातात दिलं नाही.

त्यानंतरचे दिवस. भावकीत मर्तिक झालं की सगळ्या वस्तीला सुतक, कुणाच्या घरी चूल पेटायची नाही. सोयरे बाहेरगावाहून कडू घास घेऊन यायचे: बाजरीच्या भाकरी, पिठलं, पातळ आमटी. माणसं भाकरीचा तुकडा मोडायची आणि वर बघायची. वर आभाळ होतं. कुणाच्याच डोक्यावर पत्रा नव्हता. थोडी जरी झुळूक आली तरी वस्तीतली सगळी माणसं घरातनं बाहेर पळायची, ताटं तशीच टाकून. काही जण तर घरात शिरेनातच, बाजा माळावर टाकून तिथंच पडायचे. दुपारची साधी वावटळ ओढ्याकडं दिसली की बायका पोरांना छातीशी धरून जमिनीवर आडव्या व्हायच्या. नगरकडनं गाड्या आल्या, माणसं उतरली, आमच्या भिंतींचे फोटो काढले, ताडपत्र्या दिल्या आणि गेली. ताडपत्री वाऱ्यानं फडफडायची म्हणून लोकांनी ती बांधली नाही. फडफड सहन होत नव्हती. आमच्या घरात आईनं दोन काठ्यांवर गोधडी टाकून अक्कापुरती सावली केली होती.

छपरं नव्हती त्यामुळे आवाज अडत नव्हता. एका घरात कोण कण्हतंय, कुठं कोण भांडतंय, कोण हळू आवाजात काय सांगतंय, सगळं सगळ्यांना ऐकू यायचं. भिंती तेवढ्या मध्ये होत्या, वरून सगळी वस्ती म्हणजे एकच खोली. अशीच एकदा सकाळी भामाकाकू तिच्या माहेरच्या बायकांना सांगताना आम्ही ऐकली. ती रडत नव्हती, बाजारातला भाव सांगावा तसं सांगत होती. "दोघं बी समोरच हुते. मला आधी साडी दिसली. गाठ सुटंना. दातानं सोडली. तवर अंकुशचा हात हालत हुता. मला वाटलं वाऱ्यानं हालतोय." मग "वारं तर पडलं हुतं की," असं म्हणाली. अक्का माझ्या शेजारी ठकीला घेऊन बसली होती. तिनं ठकीला एवढं घट्ट आवळलं की मला तिची बोटं सोडवावी लागली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्काचं दूध गेलं. आधी कमी झालं, मग थेंब येईना. ती ठकीला खाली ठेवत नव्हती, झोपत नव्हती; डोळे लागले की दचकून वर बघायची. आईनं अळीव दिले, शेपू दिली, गरम पाण्यानं शेकलं. काही नाही. दादा सायकलीवर शेवगावला जाऊन दुधाच्या भुकटीचा डबा आणि बाटली घेऊन आले. ठकीनं रबराची बोंडी तोंडातनं ढकलून दिली. चमच्यानं पाजलं तर सगळं उलटून आलं. शेळीचं दूध दिलं, त्यानं पोट बिघडलं. तिची टाळू खाली गेली. लंगोट कोरडे निघायला लागले. मिरजगावहून दाजी आले, लेकीला बघून त्यांचा चेहरा उतरला, आणि नगरच्या दवाखान्यात न्यायला जीप बघतो म्हणून उलट्या पावली गेले. रस्त्यावर जागोजागी झाडं पडलेली होती. जीप कधी येणार ते कुणाला माहीत नव्हतं.

आणि समोरच्या घरात शालनवहिनी होती. पप्या अजून अंगावर पीत होता. हे आमच्या घरात सगळ्यांच्या मनात होतं आणि कुणी बोलत नव्हतं. एक तर रीत अशी की मर्तिकाच्या घरातून दहाव्यापर्यंत काही बाहेर द्यायचं नाही, मीठसुद्धा नाही, आणि ज्या बाईचा नवरा गेला तिनं उंबरा ओलांडायचा नाही. सुतकातल्या बाईचं दूध परक्या लेकराला बाधतं असंही म्हणायचे. पण खरं सांगू का, रीत ही सबब होती. ज्या पोरीमागं धावताना तिचा नवरा गेला, त्या पोरीला पाज, असं त्या बाईला कुणी कोणत्या तोंडानं सांगायचं?

दादा गेले. अंगणात बसलेल्या भामाकाकूपुढं जाऊन उभे राहिले. आम्ही भिंतीआडून ऐकत होतो.  मग दादा म्हणाले, "वैनी, तुमच्या बैलाला कडबा टाकू का?" काकू म्हणाली, "टाका." दादा कडबा टाकून परत आले आणि आमच्याकडं न बघता मागच्या बाजूला जाऊन बसले. दादांचा मला तेव्हा फार राग आला होता. आता येत नाही. मीसुद्धा बैलाचंच विचारलं असतं.

मग आई गेली. आई लाजरी, पण लेकीसाठी गेली. "भामाबाई," ती म्हणाली, "पोरगी ऱ्हात न्हाई आता. मंगलला दूध न्हाई. शालन जर..."  काकूचा आवाज आला, सावकाश. "सुतकातल्या घरातनं काय बी भायर देत न्हाईत. तुला ठाव हाय ना?" आई म्हणाली, "व्हय." आणि परत आली. येऊन अक्कापुढं बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं, संपलं आता. ज्या बाईनं दातानं गाठ सोडून हिला आणलं, तिनंच नाही म्हटलं. आणि तिला बोल लावायचा तरी कसा, हेही कळत नव्हतं. मी त्या वयात देवावर बराच राग काढला, दुसरं कुणी सापडेना म्हणून.

ठकी रडत होती. सकाळभर रडत होती, आणि उघड्या भिंतींवरून ते रडणं सगळ्या वस्तीत जात होतं. लोक बोलायचे थांबायचे, ऐकायचे, परत बोलायचे. दुपारी ऊन चढलं तसा तिचा आवाज बारीक झाला. मांजराच्या पिलासारखा. मग मध्ये मध्ये तुटायला लागला. मग थांबला. ती झोपली नव्हती, डोळे अर्धवट उघडे होते. अक्का तिला हलवत होती, "ठके, ए ठके," म्हणत होती. आईनं पाण्याचं बोट तिच्या ओठांना लावलं तरी ओठ हलले नाहीत. सबंध वस्तीत कुठंच आवाज नव्हता. सगळेच ऐकत होते असं मला वाटतं.

तेवढ्यात दारात शालनवहिनी उभी. डोक्यावरून पदर पुढं ओढलेला, कपाळ मोकळं, चोळीच्या पुढच्या बाजूला दोन्हीकडं ओले डाग. ती इतक्या दिवसांत कुणाशी बोलली नव्हती. माझ्याकडं बघून म्हणाली, "वन्सं, ती रडायची थांबली म्हनून आले." आणि आत येऊन अक्काच्या शेजारी बसली, भिंतीला पाठ टेकून. अक्कानं ठकीला तिच्या मांडीवर दिलं. दोघीही एकमेकींकडं बघत नव्हत्या. शालनवहिनीनं पाजायला घेतलं तर ठकी तोंड उघडेना. मग तिनं दाबून दोन थेंब तिच्या ओठांवर पाडले. ओघळून गेले. पुन्हा पाडले. पुन्हा ओघळले. "घे गं बाय," ती म्हणाली, "घे की." किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. ठकीच्या ओठांनी चाळवाचाळव केली, आणि मग तिनं धरलं.

बाहेर पावलं वाजली. दारात भामाकाकू, कडेवर पप्या. आई धडपडत उठून तिच्या आडवी उभी राहिली. "भामाबाई, आमी न्हाई बोलावली तिला. लेकीची शपथ." काकूनं आईला हातानं बाजूला केलं. शालनवहिनीनं मान वर केली नाही, पण तिचे खांदे आखडलेले मला दिसले. मला वाटलं, आता ही सुनेचा दंड धरून तिला ओढत नेणार. मी ठकीच्या जवळ सरकले, काय करणार होते देव जाणे. काकू पुढं आली, वाकली आणि ठकीकडं बघत राहिली. तिच्या अंगाला त्या दिवसाच्या मातीचा वास येत होता. तिनं अंघोळ केली नव्हती.

"आता तिला दुसऱ्या बाजूनं घे," काकू म्हणाली. "एकाच अंगाला किती येळ ठिवशील? तुझंच दुखंल."

शालनवहिनीनं ठकीला फिरवून घेतलं. आई पुटपुटली, "पर दहावं व्हायचंय अजून, लोक..."

"दहाव्याचं माझं मी बघीन." काकूनं पप्याला खाली सोडलं आणि भिंतीशी टेकून बसली. "उद्यापसनं तिकडं आनत जा हिला. माझ्या सुनंला दर येळंला उनात कशाला हिंडवता?"

दादा बाहेर अंगणात येऊन उभे होते. त्यांनी ते ऐकलं, आणि तिथंच उन्हात खाली बसून मोठ्यानं रडायला लागले. काकूनं तिकडं बघितलं नाही. तिचं सगळं ध्यान ठकीच्या गळ्याकडं होतं. घोट खाली उतरतोय का, तेवढंच ती बघत होती.